घरगुती प्रिंटर : किंमत कोणती आणि खर्च कोणता?

कोणतीहि वस्तु विकत घेतांना आपण प्रथम तिची किंमत विचारतों. हें स्वाभाविक आहे. परंतु वस्तूची किंमत एक आणि ती बाळगण्याचा खर्च दुसरा, हें आमच्या शेतकरी समाजास सांगावयास नको. बैल बाजारांतून एकदांच आणावा लागतो, वैरण मात्र त्यास रोज लागते. स्वस्तांत मिळाला म्हणून दावणीस बांधलेला बैल खाऊन खाऊन महाग पडला, हा अनुभव ज्याच्या पदरीं आहे त्यास या लेखाचा अर्धा मुद्दा अगोदरच समजला असें म्हणावयास हरकत नाहीं. कागदावर छापणारें जें लहानसें यंत्र आज घरोघरीं येऊं लागलें आहे आणि ज्यास आपण प्रिंटर म्हणतों, त्याची गोष्ट नेमकी अशीच आहे. त्याची वैरण म्हणजे शाई.

शिरूर तालुक्यांतील निमोणे आणि आसपासच्या गांवीं राहणाऱ्या कुटुंबांस छापील कागदाची गरज पूर्वींपेक्षां पुष्कळ वाढली आहे. सातबाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचें प्रवेशपत्र, आधारकार्डाची प्रत, बँकेचा फॉर्म, मुलांच्या शाळेचा प्रकल्प, असे बहुतेक कागद आतां मोबाइलवर येतात. मागणाऱ्यास मात्र ते पुष्कळदां कागदावरच हवे असतात. गांवांतील किंवा शिरूरच्या पेठेंतील दुकान उघडें असलें तर काम होऊन जातें. दुकान बंद असलें, वीज गेलेली असली, किंवा अर्जाची शेवटची तारीख उद्यांवर येऊन ठेपली असली, म्हणजे घरांत धांवपळ उडते. अशाच एखाद्या दिवशीं 'आपल्या घरींच एक प्रिंटर घेऊन टाकूं' असा विचार निघतो, आणि दुकानांत जो सर्वांत स्वस्त असेल तो उचलून आणला जातो. हा विचार केव्हां योग्य आणि केव्हां अयोग्य, व योग्य असल्यास कोणतें यंत्र घ्यावें, हें मुलांनीं आपल्या अंकगणिताच्या बळावर आईवडिलांस समजावून सांगावें, एवढ्यासाठीं आम्ही हा पाठ लिहीत आहोंत.

१. छापण्याची कला घरापर्यंत कशी आली

भारतांत पहिला छापखाना १५५६ सालीं गोव्यांत आला. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर मराठी पंचांग छापून काढलें. आणि आमच्या शेजारच्या अहमदनगर येथून, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, १८४२ सालीं 'ज्ञानोदय' हें पत्र निघूं लागलें. त्या काळीं एक पान छापणें म्हणजे अनेक हातांचें काम होतें. कोणी खिळे जुळवावे, कोणी शाई लावावी, कोणी दाब द्यावा, तेव्हां कोठें पान निघे. पुढें शाळाशाळांतून सायक्लोस्टाइलचें यंत्र आलें. मेणकागदावर अक्षरें कोरून गुरुजी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढीत, आणि त्या कामाची काळी खूण त्यांच्या बोटांवर दोन दोन दिवस राहत असे. या सर्व रीतींत एक गोष्ट समान होती. अक्षराचा कांहीं ना कांहीं सांचा आधीं तयार करावा लागे, आणि तो कागदास टेकल्यावांचून अक्षर उमटत नसे.

इंकजेट यंत्रानें हा सांचाच काढून टाकला. 'इंक' म्हणजे शाई, आणि 'जेट' म्हणजे चिळकांडी. हें यंत्र कागदास न टेकतां त्यावर शाईचे अतिसूक्ष्म थेंब नेमक्या जागीं फेकतें, आणि त्या थेंबांचें मिळून अक्षर होतें. १९७७ सालीं जपानांत कॅनन कंपनीचे संशोधक इचिरो एंडो यांच्या प्रयोगशाळेंत डाग देण्याची तापलेली सळई शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईस लागली आणि सुईच्या टोंकांतून शाई उडाली. दुसऱ्या एखाद्यानें हात झटकून काम पुढें चालविलें असतें. एंडो यांनीं शाई कां उडाली हें विचारलें. उष्णतेनें सुईंत बुडबुडा झाला व त्यानें शाई पुढें लोटली, हें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि त्यांतून छापण्याची एक नवी रीति जन्मास आली. अमेरिकेंत ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीनेंहि स्वतंत्रपणें तोच मार्ग शोधून १९८४ सालीं 'थिंकजेट' नांवाचा प्रिंटर बाजारांत आणला. विद्यार्थ्यांनीं येथें एवढेंच लक्षांत घ्यावें कीं, अपघात सर्वांच्याच टेबलावर होतात. त्यास प्रश्न विचारणारा मात्र विरळा.

२. यंत्र काम कसें करतें

आपल्या आयाबहिणी दाराशीं ठिपक्यांची रांगोळी काढतात. ठिपके जितके बारीक आणि जितके जवळ, तितकी आकृति रेखीव दिसते. प्रिंटरहि ठिपक्यांचीच रांगोळी काढतो. एका इंचांत तीनशें ते सहाशें ठिपके बसले म्हणजे साध्या नजरेस ते वेगवेगळे दिसत नाहींत, सलग रेघच दिसते. जाहिरातींत याहून पुष्कळ मोठे आंकडे छापलेले असतात. पण अर्ज, उतारे व प्रश्नपत्रिका यांसाठीं त्या आंकड्यांस भुलण्याचें कारण नाहीं.

रंगांची व्यवस्था अशी असते. निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार शाया यंत्रांत असतात. त्यांचे ठिपके शेजारीं शेजारीं किंवा एकमेकांवर टाकून बाकीचे सर्व रंग साधले जातात. चित्रकलेच्या तासाला पिवळा व निळा मिसळून हिरवा करणाऱ्या मुलास हें निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

आतां थेंबाचें माप पाहूं. एका लिटरचे एक लाख कोटि समान भाग केले, तर त्यांतील एका भागास पिकोलिटर म्हणतात. घरगुती प्रिंटरच्या छिद्रांतून निघणारा थेंब थोड्याच पिकोलिटरांचा असतो. तो पांच पिकोलिटरांचा धरूं. औषधाच्या नळींतून जो एक थेंब पडतो तो सुमारें एका मिलिलिटरच्या विसाव्या भागाइतका असतो. गणित करून पाहिल्यास त्या एका थेंबांतून प्रिंटरचे एक कोटि थेंब निघतील असें दिसेल. ज्या छिद्रांतून इतका लहान थेंब बाहेर पडावयाचा तें छिद्र माणसाच्या केसाहूनहि बारीक असतें, आणि अशीं शेंकडों छिद्रें यंत्राच्या मुखावर ओळीनें मांडलेलीं असतात. या मुखास कारागीर 'हेड' म्हणतात.

थेंब बाहेर फेकण्याच्या रीति दोन. एकींत छिद्रामागील शाई क्षणमात्र तापवून बुडबुडा करतात, आणि तो शाईस पुढें ढकलतो. दुसरींत उष्णता नसते. विजेचा दाब दिला असतां किंचित् आकार बदलणारा एक पदार्थ छिद्रामागें बसविलेला असतो. तो वाकला कीं शाई बाहेर पडते. विजेशीं असें नातें असलेले स्फटिक फ्रान्समधील क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं प्रथम दाखविले. कॅनन व एच. पी. यांचीं घरगुती यंत्रें पहिल्या रीतीचीं, आणि एप्सनचीं दुसऱ्या रीतीचीं असतात. दोन्ही रीति चांगल्या आहेत. यावरून कोणतें यंत्र घ्यावें हें ठरत नाहीं. परंतु छिद्र किती बारीक आहे हें मात्र पुढील सर्व विवेचनांत वाचकांनीं विसरूं नये, कारण प्रिंटरचीं निम्मीं दुखणीं त्या छिद्रांत शाई वाळल्यामुळें उद्भवतात.

३. शाई ठेवण्याच्या दोन तऱ्हा

बाजारांत घरगुती इंकजेट यंत्रें मुख्यतः दोन प्रकारचीं मिळतात. पहिल्या प्रकारांत शाई एका लहान बंद डबींत असते. तिला कार्ट्रिज म्हणतात. शाई संपली कीं डबी फेकून नवी घालावयाची. दुसऱ्या प्रकारांत यंत्राच्या अंगासच पारदर्शक टाक्या असतात, आणि बाटलींतील शाई त्यांत ओतावयाची असते. एप्सन कंपनीनें असें टाकीचें यंत्र २०१० सालीं प्रथम इंडोनेशियांत विक्रीस आणलें. नंतर तें आपल्याकडे आलें, आणि कॅनन व एच. पी. यांनींहि तशीं यंत्रें काढलीं. कंपन्यांस हें सुचण्यापूर्वीं अनेक दुकानदार डबीच्या यंत्रास स्वतःच नळ्या जोडून बाहेर शाईच्या बाटल्या बसवीत असत. गिऱ्हाइकाची अडचण कंपनीच्या आधीं दुकानदारास कळते, त्याचें हें एक उदाहरण आहे.

डबीचें यंत्र स्वस्त असतें आणि टाकीचें महाग. असें कां असावें? डबीच्या यंत्राचा विक्रेता आपला नफा यंत्रावर फारसा धरीत नाहीं. तो शाईवर धरतो. यंत्र एकदां घरांत आलें म्हणजे त्यास त्याच क्रमांकाची डबी लागते, आणि ती घेतल्यावांचून गत्यंतर नसतें. टाकीच्या यंत्राचा विक्रेता यंत्राचे पैसे आरंभींच घेतो व शाई स्वस्त देतो. या व्यवहारांत लबाडी आहे असें नाहीं. पण तो समजून घेतला नाहीं तर नुकसान घेणाऱ्याचें होतें.

एका डबींत किंवा बाटलींत किती पानें निघतील हें कंपन्या सांगतात. तें मोजण्यासाठीं आंतरराष्ट्रीय मानक ठरलेलें असून त्याचा क्रमांक २४७११ असा आहे. त्यांत ठरावीक नमुन्याचीं पानें छापून शाई केव्हां संपते हें पाहतात. उदाहरणार्थ, एच. पी. च्या ६८२ क्रमांकाच्या काळ्या डबीचीं सुमारें ४८० पानें आणि त्याच क्रमांकाच्या तिरंगी डबीचीं सुमारें १५० पानें सांगितलीं आहेत. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या ६५ मिलिलिटर काळ्या बाटलीचीं सुमारें ४,५०० पानें सांगितलीं आहेत. हे आंकडे मुख्यतः अक्षरांच्या, बरीचशी जागा कोरी असलेल्या पानांचे आहेत. पानभर फोटो छापल्यास शाई कितीतरी लवकर संपेल. शिवाय तिरंगी डबींत तीन रंग एकत्र असतात. त्यांतील एक संपला कीं उरलेल्या दोहोंसकट डबी टाकून द्यावी लागते.

शाईच्या जातीहि दोन आहेत. एकींत रंग पाण्यांत पूर्ण विरघळलेला असतो; तिचीं चित्रें उजळ येतात, पण कागदावर पाण्याचा थेंब पडला तर अक्षर फांकतें. दुसरींत रंगाचे बारीक कण पाण्यांत तरंगत असतात. ते कागदावर बसले म्हणजे पाण्यास बरेच दाद देत नाहींत. आषाढांत दप्तर भिजवून शाळेंत येणाऱ्या मुलास हा भेद महत्त्वाचा वाटेल. मुख्यतः दाखले व अर्ज छापावयाचे असतील, तर काळी शाई या दुसऱ्या जातीची आहे काय, हें दुकानांत अवश्य विचारावें.

४. हिशेब

आतां आपण पाठाच्या गाभ्याशीं आलों. भाव गांवोगांवीं निराळे असतात व वरचेवर बदलतात. म्हणून पुढील आंकडे आम्ही केवळ गणिताच्या सोयीसाठीं धरले आहेत. रीति समजली म्हणजे ज्यानें त्यानें आपल्या गांवचे भाव घालून उत्तर काढावें.

डबीचें यंत्र ४,००० रुपयांचें, त्याची काळी डबी ८०० रुपयांची, आणि तींत ४०० पानें निघतात असें धरूं. म्हणजे दर पानास शाई २ रुपये. टाकीचें यंत्र १२,००० रुपयांचें, त्याची काळी बाटली ४५० रुपयांची, आणि तींत ४,५०० पानें. म्हणजे दर पानास शाई १० पैसे. कागद दोन्हींकडे ५० पैशांचा. तेव्हां डबीच्या यंत्रावर एक पान अडीच रुपयांस, टाकीच्या यंत्रावर ६० पैशांस, आणि बाजारांतील दुकानांत ५ रुपयांस पडतें असें मानूं. यंत्र पांच वर्षें टिकेल असें धरून तीन घरांचा हिशेब करूं.

पहिलें घर महिन्यास २० पानें छापतें. पांच वर्षांत १,२०० पानें झालीं. दुकानांत त्यांचे ६,००० रुपये होतील. डबीचें यंत्र घेतल्यास ४,००० आणि ३,००० मिळून ७,००० होतील. टाकीचें घेतल्यास १२,००० आणि ७२० मिळून १२,७२० होतील. या घरास दुकान सर्वांत स्वस्त.

दुसरें घर महिन्यास ५० पानें छापतें. पांच वर्षांत ३,००० पानें. दुकानांत १५,००० रुपये. डबीच्या यंत्रावर ४,००० आणि ७,५०० मिळून ११,५००. टाकीच्या यंत्रावर १२,००० आणि १,८०० मिळून १३,८००. येथें डबीचें यंत्र थोडक्यांत सरस ठरतें.

तिसरें घर महिन्यास २०० पानें छापतें. घरांत दोनतीन मुलें वरच्या इयत्तांत आहेत, किंवा कोणी शिकवण्या घेतें. पांच वर्षांत १२,००० पानें. दुकानांत ६०,००० रुपये. डबीच्या यंत्रावर ४,००० आणि ३०,००० मिळून ३४,०००. टाकीच्या यंत्रावर १२,००० आणि ७,२०० मिळून केवळ १९,२००. ज्या यंत्राची किंमत तिप्पट, तेंच येथें जवळजवळ निम्म्या खर्चांत काम करतें.

मग पालटण्याच्या जागा कोणत्या? दुकान आणि डबीचें यंत्र यांत दर पानास अडीच रुपयांचा फरक आहे. ४,००० रुपयांस अडीचनें भागिलें तर १,६०० पानें येतात. पांच वर्षांवर वाटल्यास महिन्यास सुमारें २७. डबी आणि टाकी यांच्या किंमतींत ८,००० रुपयांचें अंतर आहे, आणि दर पानास १ रुपया ९० पैशांचा फरक. भागाकार सुमारें ४,२१० पानें, म्हणजे महिन्यास सुमारें ७०. तेव्हां या भावांप्रमाणें महिन्यास २७ पानांच्या आंत दुकान बरें, २७ ते ७० पर्यंत डबीचें यंत्र, आणि ७० च्या वर टाकीचें यंत्र, असा निर्णय निघतो.

या निर्णयास दोन पुरवण्या जोडल्या पाहिजेत. दुकानाच्या पांच रुपयांत जाण्यायेण्याचा खर्च धरलेला नाहीं. एका पानासाठीं शिरूरास मोटारसायकल काढावी लागत असेल तर पेट्रोलचे पैसे त्यांत मिळवावे. मात्र बाजारास जाणें होणारच असेल तर मिळवूं नयेत. दुसरी पुरवणी अशी कीं, थोडें छापणाऱ्या घरांत डबींतील शाई संपण्यापूर्वीं वाळते. ४०० पानांची डबी १५० पानें काढून निकामी झाली, तर पान दोन रुपयांचें न राहतां शाईसाठीं पांच रुपयांहून अधिकांस पडतें. म्हणून २७ चा आंकडा जवळ आला एवढ्यावरून यंत्र घेण्याची घाई करूं नये.

आणखी एक मार्ग आमच्या गांवांस सहज साधण्यासारखा आहे. शेजारच्या चार घरांत प्रत्येकीं २५ पानें लागत असतील, तर एकट्या घरास यंत्र परवडत नाहीं; पण चौघांचीं मिळून १०० पानें होतात, आणि मग टाकीचें यंत्र परवडतें. विहिरीचें पाणी पाळीपाळीनें घेणाऱ्या भावकीस एक प्रिंटर सामाइक चालविणें कठीण नाहीं. एक वही ठेवावी, ज्यानें जितकीं पानें काढलीं त्यानें तितकीं लिहावीं, आणि महिनाअखेर पैसे जमा करावे.

५. आमच्याकडील हवा आणि यंत्राची निगा

निमोण्याच्या बाजूस पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक. चैत्र-वैशाखांतील कोरडी हवा ज्याप्रमाणें अंगणांतलें वाळवण लवकर वाळविते, त्याचप्रमाणें प्रिंटरच्या छिद्रांतील शाईहि वाळविते. शाळेस मोठी सुटी लागते ती याच दिवसांत, आणि यंत्र महिनामहिना बंद राहतें तें याच दिवसांत. म्हणून इंकजेट यंत्र असलेल्या घरानें आठवड्यांतून एकदां तरी चारहि रंग असलेलें एक पान छापावें. हें पान वायां गेलें असें समजूं नये. तो यंत्राचा व्यायाम आहे.

वीज जाण्याचा प्रश्नहि आहे. यंत्र आपलें काम संपवून बंद होतांना मुख नेऊन एका रबरी झांकणावर टेकवितें, म्हणजे छिद्रांस हवा लागत नाहीं. हें केव्हां घडतें? यंत्राच्या अंगावरील बटणानें तें बंद केलें तर. भिंतीवरचें बटण एकदम दाबलें, किंवा मध्येंच वीज गेली, तर मुख उघडें राहण्याचा संभव असतो. यास्तव यंत्र नेहमीं त्याच्याच बटणानें बंद करावें. आणि छापतांना वीज गेली असल्यास ती आल्यावर यंत्र एकदां सुरू करून रीतसर बंद करावें. तसेंच दिवसांतून दहा वेळां चालू-बंद करूं नये, कारण पुष्कळ यंत्रें सुरू होतांना मुख धुण्यासाठीं थोडी शाई खर्च करतात. ही धुण्याची शाई यंत्राच्या तळाशीं एका शोषक गादींत किंवा पेटींत जमते. ती भरली कीं यंत्र काम थांबवितें. जुनें यंत्र स्वस्तांत मिळतें म्हणून घेणाऱ्यांनीं या गादीची चौकशी आधीं करावी.

इंकजेट यंत्र छापतांना साधारणपणें दहा-पंधरा वॅट वीज घेतें, तेव्हां घरच्या लहान इन्व्हर्टरवर तें चालूं शकतें. लेझर नांवाचें दुसऱ्या जातीचें जें यंत्र आहे त्यांत शाईऐवजीं कोरडी भुकटी असते, आणि ती उष्णतेनें कागदावर पक्की करतात. म्हणून त्यास छापतांना कितीतरी अधिक वीज लागते, व लहान इन्व्हर्टरवर तें लावूं नये. परंतु भुकटी वाळण्याचा प्रश्नच नसतो. ज्यांस रंग नकोत, ज्यांचें छापणें मधूनमधून होतें, आणि तरी ज्यांस यंत्र घरीं हवेंच आहे, त्यांनीं साध्या काळ्या लेझरचाहि विचार करावा.

बाकीची निगा आपल्या घरांतील शिवणयंत्रासारखीच आहे. धूळ बसूं नये म्हणून वर स्वच्छ फडकें घालावें. पावसाळ्यांत कागद ओल धरतो आणि आंत अडकतो. म्हणून उघडलेला गठ्ठा पिशवींत बंद ठेवावा. टाकींतील शाई खालच्या रेघेच्या खालीं जाऊं देऊं नये, नाहींतर नळ्यांत हवा शिरते. टाकीचें यंत्र नवें आणतांना शाई घरीं आल्यावरच भरावी, आणि भरल्यानंतर तें आडवें-तिरपें करूं नये.

६. दुकानांत विचारावयाचे प्रश्न

यंत्राची किंमत सर्वांत शेवटीं विचारावी. त्याआधीं पुढील गोष्टी विचाराव्या आणि उत्तरें कागदावर लिहून घ्यावीं. शाईची डबी किंवा बाटली कोणत्या क्रमांकाची, तिचा भाव काय, व तींत पानें किती? ती शिरूरांत मिळते कीं पुण्याहून आणावी लागते? यंत्र बिघडल्यास कारागीर घरीं येतो कीं यंत्र उचलून न्यावें लागतें, व कोठें? हमीची मुदत किती? टाकीच्या यंत्रांची हमी पुष्कळदां अमुक वर्षें किंवा अमुक पानें, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तेथपर्यंतच असते. आणि दुसऱ्याच कंपनीची शाई भरल्यास हमीबद्दल वाद निघूं शकतो. मुख बिघडल्यास तें घरच्या घरीं बदलतां येतें काय? स्वस्त डबीच्या पुष्कळ यंत्रांत मुख डबीसच जोडलेलें असतें, म्हणून डबी बदलली कीं मुखहि नवें मिळतें. कांहीं टाकीच्या यंत्रांत तें यंत्रांतच पक्कें बसविलेलें असतें, आणि बदलण्याचा खर्च मोठा येतो.

ज्यांच्या घरीं संगणक नाहीं, केवळ मोबाइल आहे, त्यांनीं यंत्रास वाय-फाय असल्याची खात्री करून घ्यावी. एरवीं यंत्र घरांत आणि कागद मोबाइलांत, अशी गत होते. कागदाची नक्कल घेण्याची कांच असलेलें यंत्र थोडें महाग असतें, पण अर्जासोबत दाखले जोडणाऱ्या घरास तें उपयोगी पडतें.

७. समारोप

या सर्व विवेचनाचा मथितार्थ एका वाक्यांत सांगतां येतो. आपल्या घरास महिन्यास किती पानें लागतात हें ज्यास माहीत नाहीं, त्यानें अद्याप दुकानांत जाऊं नये. तें जाणण्याचा उपाय अगदीं सोपा आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दोन महिने, ज्या दिवशीं जितकीं पानें बाहेरून छापून आणलीं तितका आंकडा लिहावा. दोन महिन्यांची बेरीज करून दोहोंनीं भागावें. पुष्कळ घरांत उत्तर अपेक्षेहून लहान येईल, आणि यंत्राचे पैसे मुलांच्या पुस्तकांस, वह्यांस किंवा पुढील वर्षाच्या बियाण्यास शिल्लक राहतील. कांहीं घरांत उत्तर मोठें येईल. त्यांनीं मग महागाच्या यंत्रास भिऊं नये.

मुलांस आमचें आणखी एक सांगणें आहे. छापलेला प्रकल्प हातानें लिहिलेल्या प्रकल्पाहून श्रेष्ठ असतो असें मुळींच नाहीं. स्वतः रेखाटलेली आकृति आणि स्वतः लिहिलेलें पान विद्यार्थ्याच्या ध्यानांत राहतें. छापलेलें पुष्कळदां न वाचतांच जोडलें जातें. मोलमजुरी करणाऱ्या आईकडे रंगीत पानांसाठीं पैसे मागण्यापूर्वीं, हें पान हातानें लिहितां आलें असतें काय, एवढा प्रश्न प्रत्येकानें आपल्या मनास विचारावा.

सरावासाठीं पुढील तीन उदाहरणें देत आहोंत. तीं घरीं वडील मंडळींच्या समक्ष सोडवावीं.

(१) दुकानाचा दर पानास ५ रुपयांऐवजीं २ रुपये धरा. वरील डबीचें यंत्र किती पानांनंतर परवडूं लागेल? उत्तर आश्चर्य वाटण्यासारखें आलें तरी तें बरोबर असूं शकतें, हें ध्यानांत ठेवा.

(२) त्याच दोन रुपयांच्या दरानें टाकीच्या यंत्राचे १२,००० रुपये किती पानांनंतर वसूल होतील?

(३) आपल्या गांवांतील दुकानाचा खरा दर, आणि आपल्या पसंतीच्या एका यंत्राची व त्याच्या शाईची खरी किंमत लिहून आणा. महिन्यास किती पानें छापलीं असतां तें यंत्र आपल्या घरास पांच वर्षांत परवडेल, हें काढा.